जोतीरावांची इस्टेट

शाळेत असताना आपल्यापैकी बहुतेकांनी जोतीराव फुल्यांवर एकदा तरी भाषण केलेलं आहे. जन्म ११ एप्रिल १८२७, पुण्यात मुलींची शाळा १८४८, महात्मा ही पदवी १८८८, मृत्यू २८ नोव्हेंबर १८९०, आणि शेवटी हात जोडून 'एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो'. बाई पहिल्या बाकावर बसून ओठ हलवत आपल्याबरोबर भाषण म्हणायच्या, कारण लिहून त्यांनीच दिलेलं असायचं. स्मरणिका समितीने मला एखाद्या थोर व्यक्तीचं चरित्र लिहायला सांगितलं तेव्हा मी फुलेच घेतले. मात्र या लेखातले जोतीराव त्या भाषणात कधी न आलेले आहेत. त्यांनी धंदा केला, पैसा मिळवला, तो खर्च केला आणि उरेल त्याचं आपल्यामागे काय व्हावं याचा कागद करून ठेवला. माझी सगळी हयात खरेदीखतं, वाटणीपत्रं आणि वारसनोंदी यांत गेली. त्यामुळे मोठ्या माणसाकडे पाहतानाही माझी नजर आधी कागदाकडे जाते, हे आपण सांभाळून घ्याल.

या कुटुंबाचं मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण, तिथून पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आणि मग पुण्यात. आजोबा शेटीबा यांना तीन मुलगे होते: राणोजी, कृष्णा आणि गोविंद. पेशव्यांच्या वाड्यात फुलं, गजरे, फुलांच्या गाद्या पुरवण्याचं काम या भावांकडे आलं, त्यावरून फुले हे नाव पडलं, आणि खूश होऊन पेशव्यांनी ३५ एकर जमीन इनाम दिली. जमीन तिघांच्या कष्टाची होती. पण थोरल्या राणोजींनी ती आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतली आणि धाकटे दोघे रिकाम्या हातांनी बाजूला झाले. गोविंदरावांनी मग फुलांचं आणि भाजीपाल्याचं दुकान घातलं. जोतीराव त्या दुकानदाराचा मुलगा.

आपल्या भागातल्या वाचकाला ही गोष्ट फोडून सांगायची गरज नाही. १९६२ नंतर एमआयडीसीसाठी, पुढे प्राधिकरणासाठी आणि त्यानंतर चाकणच्या टप्प्यांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या घरांतली मुलं आपल्या वर्गात होती. मोबदल्याचा चेक कोणाच्या नावाने निघाला, साडेबारा टक्क्यांचा परतावा कोणाच्या खात्यावर पडला, आणि कोणत्या चुलत्याचं नाव सातबारावरून कधी उडालं, यावरून बोलणं बंद झालेली घरं आपण सगळे ओळखतो. पेशवाईत सातबारा नव्हता, पण थोरला भाऊ होता.

जोतीरावांची आई चिमणाबाई ते वर्षाचे असतानाच गेल्या. सगुणाबाईंनी त्यांना सांभाळलं. शाळेत घातलेला मुलगा लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी काढून शेतात कामाला लावला. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजीट साहेब यांनी समजावल्यावर तो १८४१ साली पुन्हा शाळेत गेला, स्कॉटिश मिशनच्या. त्याआधी वर्षभर, १८४० मध्ये, त्याचं लग्न नायगावच्या नेवसे पाटलांच्या सावित्रीशी झालं होतं. हा भाग सर्वांना पाठ आहे, म्हणून पुढे जातो.

१८४९ साली गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. शूद्रातिशूद्रांना आणि बायकांना शिकवण्याचा उद्योग थांबव, नाहीतर घर सोड, असा तो प्रकार होता. दोघे अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. भाषणात आपण या प्रसंगाला टाळ्या घ्यायचो. माझ्या दृष्टीने त्याचं आणखी एक मोल आहे. त्या दिवसापासून जोतीरावांनी जे काही मिळवलं ते बापाच्या इस्टेटीतून आलेलं नव्हतं. कायद्याच्या भाषेत ती स्वकष्टार्जित मिळकत. अडतीस वर्षांनी या फरकावरच सगळं टिकून राहायचं होतं.

मिळवलं कसं? नोकरी करून नाही. मिशनच्या शाळेत काही काळ शिकवलं, पण सरकारी नोकरीच्या मागे ते गेले नाहीत. धातू ओतण्याच्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांनी घेतली होती. भोसरीच्या फाउंड्रीत ज्यांनी हात भाजून घेतले आहेत त्यांना मूस म्हणजे काय ते सांगायला नको. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी हे त्यांच्या व्यवसायाचं नाव. इंग्रज सरकारची बांधकामं तेव्हा पुण्याच्या आसपास जोरात होती. येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण अशा कामांना दगड, चुना आणि इतर सामान पुरवण्याचे ठेके त्यांनी घेतले. मांजरीला शेती केली, कालव्याचं पाणी खेळवून भाजीपाला आणि फळं काढली. पुस्तकं छापली आणि विकली. आजच्या बोलीत सांगायचं तर व्हेंडर, सबकॉन्ट्रॅक्टर, बागायतदार आणि प्रकाशक, सगळं एकाच माणसात.

ठेकेदारीने त्यांना दोन गोष्टी जवळून दाखवल्या. एक म्हणजे धरणावर दगड फोडणाऱ्या मजुराच्या हाती किती पडतं आणि मधल्यामध्ये किती गळतं. दुसरी म्हणजे कागदाची ताकद. अडाणी शेतकऱ्याच्या अंगठ्याने सावकार जमीन कशी घेतो, कचेरीतला कारकून अर्जात काय लिहितो आणि वाचून काय दाखवतो, हे त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडलं आहे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं चव्हाट्यावर आणून जाळली. जाळायला माणूस नव्हे, कागद निवडला, यातच सगळं आलं. जोतीरावांनी त्यातून कागद जाळायचा धडा घेतला नाही. आपला कागद आपणच नीट लिहायचा, हा घेतला.

पैसा आला तसा गेला. शाळा, अस्पृश्यांसाठी १८६८ साली खुला केलेला घरचा हौद, १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीला उपाशी मुलांसाठी चालवलेलं अन्नछत्र, स्वतःच्या खर्चाने काढलेली पुस्तकं. १८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा ठराव आला तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे होते. स्वतःच्या घरी मात्र त्यांना हा हिशेब कधी जमला नाही, किंवा त्यांनी तो मांडायचा नाही असं ठरवलं होतं. मला दुसरं खरं वाटतं.

या खर्चातलं सर्वांत धाडसाचं खातं म्हणजे १८६३ मध्ये राहत्या घरीच सुरू केलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं. बाळंतपणं सावित्रीबाई करत. १८७४ साली काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा तिथे आली आणि तिला मुलगा झाला. मूल नसलेल्या या नवरा-बायकोने तो आपला मानला. तो यशवंत. जोतीरावांनी दुसरं लग्न करावं असा घरच्यांचा आग्रह होऊन गेला होता, तो त्यांनी कधीच मोडून काढला होता.

इथून वारसाचा खरा प्रश्न सुरू होतो. त्या वेळचा हिंदू कायदा थोडक्यात असा होता. माणूस एकत्र कुटुंबात असेल आणि मुलगा नसताना वारला, तर त्याचा हिस्सा कुटुंबातल्या उरलेल्या पुरुषांकडे जायचा आणि विधवेला फक्त अन्नवस्त्र. तो विभक्त असेल तर मिळकत विधवेकडे यायची, पण तिच्या हयातीपुरती. ती राहील, खाईल, पण मनाला येईल तशी विकू किंवा देऊ शकणार नाही, आणि तिच्यामागे मिळकत नवऱ्याच्या भाऊबंदांकडे परत जाईल. ही स्थिती सुधारायला १९३७ चा कायदा यावा लागला, आणि पुरी हटायला १९५६ चा. जोतीरावांचे भाऊबंद म्हणजे थोरले बंधू राजाराम यांच्याकडची माणसं. म्हणजे काहीच लिहून ठेवलं नसतं तर फार तर सावित्रीबाईंना जन्मभर घरात राहता आलं असतं. 'हे कधी वेगळे झालेच नव्हते' असं कोणी कोर्टात उभं केलं असतं तर तेवढंही कठीण होतं.

पण यशवंत होता ना, असं कोणी म्हणेल. अडचण तिथेच होती. दत्तक सजातीय असावा, त्याला देणारे आईबाप असावेत, ही शास्त्राची आणि कोर्टाची अट. माळ्याच्या घरी ब्राह्मण विधवेचा, बापाचं नाव नसलेला मुलगा दत्तक म्हणून उभा राहिला तर समोरच्या वकिलाला फार डोकं चालवावं लागलं नसतं. जोतीरावांना हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. सत्यशोधक विवाहांवरून भटजींनी भरलेल्या दाव्यांचा अनुभव त्यांच्या मंडळींना आलेला होता. आपल्या चाकणच्या पुढे, जुन्नर तालुक्यात ओतूरला बाळाजी कुसाजी पाटलांनी ब्राह्मण न बोलावता घरचं लग्न लावलं, तर त्याचा वाद हायकोर्टापर्यंत गेला. मनाने केलेली गोष्ट कागदावर नसेल तर कोर्टाच्या पायरीवर तिचं काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं.

म्हणून १० जुलै १८८७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केलं. वय साठ, तब्येत अजून शाबूत. वकिली डोळ्याने हा कागद वाचला तर त्यात तीन कुलपं दिसतात. पहिलं कुलूप भाऊबंदांना: माझ्या मिळकतीवर माझ्या नातलगांचा काही हक्क नाही. दुसरं यशवंतच्या नावाचं. तो दत्तक म्हणून कोर्टात टिको न टिको, मृत्युपत्राने ज्याला दिलं त्याला मिळतं, कारण मिळकत स्वकष्टाची आहे. बापाने घराबाहेर काढल्याचा १८४९ चा दिवस इथे उपयोगी पडला. यशवंत तेव्हा तेरा वर्षांचा. त्याला वाढवणं, शिकवणं आणि घर चालवणं सावित्रीबाईंकडे.

तिसरं कुलूप मला सर्वांत विलक्षण वाटतं. यशवंत शिकला नाही, वाईट मार्गाला लागला, तर त्याला बाजूला करून माळी, कुणबी, धनगर अशा शूद्र समाजांतला दुसरा लायक मुलगा वारस नेमावा, आणि सत्यशोधक समाजाच्या सभासदांना त्यात शब्द असावा. इतकी वर्षं मी वारसांच्या यादीत नावं लिहिली. वारसाने लायक असावं ही अट घालणारा बाप मला दुसरा भेटला नाही. आपल्याकडे मुलगा कसाही असो, नोंद होते. मुलगी कशीही असो, हक्कसोडावर सही होते. मुलीला जन्मतः हिस्सा देणारा कायदा महाराष्ट्राने १९९४ मध्ये केला आणि देशाने २००५ मध्ये, तरी बहिणीला साडीचोळी आणि भावाला जमीन हा व्यवहार आजही दुय्यम निबंधकाच्या दारात रोज होतो. आपल्या बॅचच्या मुली हे वाचतील तेव्हा कोणी किती सह्या केल्या ते त्यांचं त्यांना ठाऊक.

मृत्युपत्रात अंत्यविधीचीही व्यवस्था होती. देह जाळू नये, मिठात घालून पुरावा, आणि विधीला ब्राह्मण भिक्षुक नसावेत.

कागद झाला आणि वर्षभरात, जुलै १८८८ मध्ये, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी औषधपाणी केलं. जोतीराव उठून बसू लागले आणि डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' हे शेवटचं पुस्तक लिहू लागले. धंदा मात्र पुन्हा उभा राहिला नाही. ठेकेदारी ही उन्हात उभं राहून करायची गोष्ट आहे. मालकाचे पाय घरात अडकले की काम दुसऱ्याचं होतं, हे आपल्यातल्या छोट्या कारखानदारांना कोणी सांगायला नको. शिल्लक अशी नव्हतीच. मित्रांनी खटपट केली, मामा परमानंदांनी बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी पत्र पाठवलं. ज्या माणसाने हजारोंची कामं घेतली त्याच्यासाठी ही वेळ होती. तशातही ४ फेब्रुवारी १८८९ रोजी यशवंतचं लग्न हडपसरच्या ग्यानोबा ससाणे यांच्या मुलीशी, राधाशी, सत्यशोधक पद्धतीने झालं. ससाण्यांनी कोणत्या घरात मुलगी दिली याचा विचार करा. जावयाच्या जन्माची गोष्ट सगळ्या पुण्याला माहीत होती.

२८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. घराच्या आवारात पुरायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही. वस्तीत दफन चालणार नाही म्हणून शेवटी दहनच करायचं ठरलं. मृत्युपत्रातली एक इच्छा तिथेच मोडली. मग प्रेत उचलायच्या वेळी वाद निघाला. पुढे टिटवं धरून चालायचं कोणी?

आता टिटवं म्हणजे विस्तव ठेवलेलं एक मडकं. पण गावाकडे आजही कळतं की ते मातीचं भांडं म्हणजे वारसाचा दाखला आहे. ज्याने मडकं धरलं त्याचा इस्टेटीवर दावा, असं मानतात. जोतीरावांच्या पुतण्याने तेच म्हटलं: यशवंत दत्तक, रक्ताचा नाही, टिटवं धरायचा मान आणि त्याबरोबर वारसा आमचा. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी कुलूप घातलं होतं तो माणूस अगदी वेळेवर दारात उभा राहिला. पुतण्याला नुसतं खलनायक करणं सोपं आहे. त्याच्या बाजूनं पाहिलं तर शास्त्र, रूढी आणि गावाची समजूत, तिन्ही त्याच्याकडे होत्या. त्याच्याकडे नव्हता तो कागद.

पण प्रेत दारात असताना कागद उघडून कोणी वाचत बसत नाही. सावित्रीबाई पुढे आल्या, त्यांनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं, अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या आणि अग्नी दिला. स्मशानात बायकांनी जायचं नाही असा तो काळ. आपण भाषणात हे धैर्य म्हणून सांगायचो, ते आहेच. पण त्या जे करत होत्या ते नवऱ्याच्या मृत्युपत्राची अंमलबजावणीही होती. टिटवं यशवंतच्या हातात दिलं असतं तर तिथेच झटापट झाली असती, पुतण्याच्या हातात गेलं असतं तर उद्या तो घर मागायला आला असता. तिसरा हात विधवेचाच होता, आणि त्याची कोणी अपेक्षा केली नव्हती. ३० नोव्हेंबरला त्यांनी अस्थी घरी आणल्या आणि घरामागच्या अंगणात पुरल्या. नगरपालिकेने देह पुरू दिला नव्हता, राखेबद्दल नियम नव्हता.

घर राहिलं. गंज पेठेतलं ते घर सावित्रीबाई आणि यशवंत यांच्याकडेच राहिलं. १८९१ मध्ये 'सार्वजनिक सत्यधर्म' प्रसिद्ध झालं ते यशवंतनेच काढलं. बापाकडून मिळालेल्या मालमत्तेतली ही मला सर्वांत मोठी रक्कम वाटते. सावित्रीबाईंनी सत्यशोधक समाजाचं काम हाती ठेवलं, १८९३ च्या सासवडच्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या. यशवंत शिकून डॉक्टर झाला आणि लष्करात नोकरीला लागला. तिसरं कुलूप उघडायची वेळ आली नाही, वारस लायक निघाला. राधा १८९५ मध्येच वारली. १८९७ ला प्लेग आला तेव्हा सावित्रीबाईंनी यशवंतला रजेवर बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्याने दवाखाना घातला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

यशवंतने पुढे चंद्रभागाबाईंशी लग्न केलं. नोकरीत फिरता फिरता काही वर्षांतच, ऐन उमेदीत, तोही गेला. मागे चंद्रभागाबाई आणि लहान मुलगी. या बाईचं नाव आपल्या भाषणात कधी नव्हतं. तिच्यासाठी कोणी मृत्युपत्र केलेलं नव्हतं, तिच्यामागे समाजाच्या सभा नव्हत्या, आणि सासऱ्याने धंद्यात मिळवलेलं सगळं सासऱ्यानेच वाटून टाकलेलं होतं. उरलं होतं घर. पोटासाठी तिने ते शंभर रुपयांना विकलं. ज्या घरात हौद खुला झाला, ज्या घरात परक्या बायकांची बाळंतपणं झाली, ते शंभर रुपयांना गेलं.

व्यवहार म्हणून पाहिलं तर त्या विक्रीत एक गोष्ट दिसते. तिला घर विकता आलं, म्हणजे मालकी जोतीरावांकडून यशवंतकडे आणि यशवंतकडून तिच्याकडे पोचली होती, भाऊबंदांकडे गेली नव्हती. १८८७ चा कागद एवढं काम करून थांबला. आज ते घर राज्य सरकारने जपलेलं स्मारक आहे, फुले वाडा म्हणून आपण सहली नेतो. चंद्रभागाबाईंचे शेवटचे दिवस मात्र हक्काच्या छपराशिवाय, कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर आणि रस्त्याच्या कडेला गेले. घर विकून ती बाहेर पडली तेव्हा मागच्या अंगणातली अस्थींची जागाही खरेदीदाराकडे गेली. ती सोबत नेण्यासारखी नव्हती.